दाटलेली कुमुदं

"उद्या कुमुद येतेय," सुमित्राबाई म्हणाल्या आणि बशी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवली.

विश्वनाथ खोक्याला सुतळी बांधत होता. त्याचा हात थांबला. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेवटच्या आजारातला तो एक दिवस सोडला, तर बहिणीचं नाव सत्तावीस वर्षांत या घरात त्याच्यासमोर कोणी घेतलं नव्हतं.

"कशाला?"

"टबांतले दाटलेले कंद सोडवायला. आणखी कोणाला येतं ते?"

"आई, त्या टबांचं काय करायचं ते ठरलंय आपलं."

"तुझं ठरलंय. मी काही बोलले नव्हते."

हे खरं होतं. महिनाभर सुमित्राबाई काहीच बोलल्या नव्हत्या. सोळा वर्षं वाट पाहिल्यावर द्वारकेतल्या सोसायटीच्या फ्लॅटचा ताबा मिळाला होता. करोल बागेतलं हे दुसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर एकतीस मार्चला रिकामं करून द्यायचं होतं. कपाटं, पलंग, देव, सगळ्याची यादी विश्वनाथने ऑफिसच्या कागदावर काढली होती. गच्चीवरच्या अकरा टबांपुढे त्याने फुली मारली होती. द्वारकेत प्यायचं पाणी अजून टँकरने येत होतं. लोक बादल्या घेऊन खाली रांगा लावत होते. तिथे फुलांच्या टबात पाणी कोण भरणार? आणि फुलं तरी कुठे येत होती? अण्णा गेल्यापासून टबांना कोणी हात लावला नव्हता. गेल्या दोन उन्हाळ्यांत एकही कळी वर आली नव्हती.

"अण्णांनी काय सांगितलं होतं, आठवतंय ना?" विश्वनाथ म्हणाला.

"मला पाठ आहे. त्यांना जाऊन साडेपाच वर्षं झाली, विशू. मी त्र्याहत्तरची आहे."

"आणि तिला कळवलंस कसं?"

सुमित्राबाईंनी पुढची बशी उचलली. स्वयंपाकघराच्या दारातून प्रभा, विश्वनाथची बायको, पुढे आली. तिने ओले हात पदराला पुसले.

"मी फोन केला. शाळेत."

"तू?"

"हो, मी. आईंनी नंबर दिला."

विश्वनाथने दोघींकडे पाहिलं. वीस वर्षं एका घरात राहून या दोघी कधी एका बाजूला उभ्या राहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. भाजीत गूळ किती, इथपासून त्यांचं जमत नसे. आज एक खोक्याशी आणि एक दाराशी, दोघी त्याच्याकडे सारख्याच नजरेने बघत होत्या. त्याने सुतळीची गाठ मारली आणि तो उठला. जाता जाता त्याने भिंतीवरचा अण्णांचा फोटो काढला, टॉवेलात गुंडाळला आणि ट्रंकेत तळाशी ठेवून दिला.

*

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. सुमित्राबाई खुर्चीतच बसून राहिल्या. आपण दारापर्यंत जायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

त्यांनी मुलीला पाहिलंच नव्हतं असं नाही. दरवर्षी गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या मांडवात, बायकांच्या रांगेत, दहा मिनिटं त्या भेटत. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तुझं बीपी?" एवढंच. प्रभा सोबत असे आणि मुद्दाम प्रसादाच्या टेबलाकडे निघून जाई. या दहा मिनिटांवर सुमित्राबाई उरलेलं वर्ष काढत. पण मांडवातली कुमुद वेगळी. या उंबऱ्यावर उभी राहिलेली कुमुद त्यांनी शेवटची पाहिली ती पंचवीस वर्षांची, पिवळ्या साडीतली, हातात एक सूटकेस.

आता दारात उभी होती ती केस पिकलेली, चष्मा लावलेली, सुती साडी आखूड खोचलेली बाई. हातात कापडी पिशवी. धाप लागलेली.

"आई, जिना अजून तसाच अंधारा आहे गं," ती म्हणाली.

कुमुदने चपला काढल्या, आत आली आणि त्यांच्या पायाशी वाकली. वाकलेली ती तशीच क्षणभर राहिली. मग उठून तिने खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर फोटोच्या जागी एक पांढरट चौकोन होता.

"फोटो?"

"पॅक झाला," विश्वनाथ म्हणाला.

कुमुदने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या आठवणीत तो बावीस वर्षांचा होता, ज्याला ती सायकलवर डबलसीट शाळेत सोडत असे. समोर टक्कल पडलेला, पोट सुटलेला सरकारी अधिकारी उभा होता. तिने पिशवीतून करवतीच्या दातांची एक जुनी सुरी काढली.

"चलो. ऊन चढायच्या आत करू या. पोती आहेत का जुनी? गोणपाट?"

*

गच्चीवर आल्यावर कुमुद पहिल्या टबापाशीच थांबली.

अकरापैकी चार टब सिमेंटचे होते, बाकी डांबराची पिंपं मधोमध कापून अण्णांनी केलेले. अण्णा, म्हणजे शामकांत निजसुरे, शेती खात्यात कारकून म्हणून दिल्लीला आले ते एकोणपन्नास साली. त्याच वर्षी कोणा मद्रासी सहकाऱ्याने त्यांना पांढऱ्या फुलाचा एक कंद दिला. शेजारपाजारचे त्याला कमल म्हणत. अण्णा दर वेळी दुरुस्त करत, "कमल नहीं है भाई, कुमुद है." मुलीचा जन्म त्याच्या आधीचा, म्हणून अण्णा सांगत की नाव आधी ठेवलं आणि फूल मागून आलं, आणि या योगायोगाचं त्यांना फार कौतुक होतं.

आता टबांत पाणी दिसतच नव्हतं. पानांना पाण्यावर पसरायला जागा नसल्यामुळे ती एकमेकांना रेटत वर उभी राहिली होती, कडा वळलेल्या, पिवळ्या पडलेल्या. बोट घातलं तर आत मुळांचं जाळंच लागत होतं.

"किती वर्षं झाली सोडवून?"

"अण्णांनी ब्याण्णवच्या मार्चमध्ये केले होते," प्रभा म्हणाली. "त्यानंतर नाही."

"तीन वर्षांच्या वर ठेवायचे नसतात. एकाच टोपलीत सगळा पसारा होतो. पानंच पानं येतात, फुलाला ताकद राहत नाही." कुमुदने बाह्या वर केल्या. "धरा एका बाजूने. नाही, तुमच्याने नाही होणार, प्रभा. विशू, इकडे ये."

विश्वनाथ पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. त्याला वाटलं, आपण जाऊ नये. पण तिने सायकलवर बसवताना हाक मारावी तशी मारली होती, आणि तो गेला. दोघांनी मिळून टबात बुडवलेली कंदांची टोपली ओढली. ती निघेना. मुळांनी टोपलीची प्लास्टिकची भिंत फोडून टबाच्या तळाशी दुसरं बस्तान मांडलं होतं. तिसऱ्या हिसड्याला सगळा गठ्ठा एकदम सुटला आणि काळ्या चिखलाचा भपकारा आला. विश्वनाथने तोंड फिरवलं. कुमुदने नाही.

तिने तो गठ्ठा ओल्या गोणपाटावर उलटा केला आणि मग्ग्याने पाणी ओतत चिखल धुवायला लागली. हळूहळू कंद दिसायला लागले. आल्यासारखे जाड, एकावर एक चढलेले, एकमेकांना दाबून चपटे झालेले.

"हा मधला भाग बघ," ती विश्वनाथला म्हणाली. "भुसभुशीत झालाय. हा जुना, मेलेला. हा काढून टाकायचा. जिवंत असतं ते टोकाला. हा कोंब दिसतो? कोंबामागे वीतभर कंद ठेवायचा आणि इथे कापायचं. धर घट्ट."

तो धरून बसला. ती कापत गेली. प्रत्येक तुकड्याची जुनी पानं आणि लांबलेली मुळं ती छाटत होती, दोन-तीन कोवळी पानं तेवढी ठेवत होती आणि तुकडा प्रभाकडे देत होती. प्रभा ते ओल्या पोत्याखाली झाकत होती. सुमित्राबाई गच्चीच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"नव्या कुंडीत काय घालायचं, ताई? गच्चीवर शेणखताची पिशवी आहे," प्रभाने विचारलं.

"खत नको. हलकं असतं ते वर तरंगतं, पाणी सडवतं. यमुनेकाठची चिकण माती हवी, जड. वरून बजरीचा, बारीक खडीचा, थर. कोंब उघडा ठेवायचा. पहिल्यांदा कुंडी विटांवर ठेवायची, वर चार बोटं पाणी. पानं वाढतील तशा विटा काढायच्या." बोलता बोलता ती थांबली. "अण्णा माझ्या हातून माती दाबून घ्यायचे. म्हणायचे, माझी बोटं जाड आहेत, कोंब मोडतो."

खाली गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. तीन टब झाले होते. ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं.

प्रभा दोघा भावंडांचे हात बघत होती. चिखलात बरबटलेले ते चार हात कोणाचे कुठले हे ओळखू येत नव्हतं. दोघांचे अंगठे सारखेच आखूड होते. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला सांगितलं होतं की विश्वनाथला बहीण नाही. पहिल्या गणपतीत सासूने मांडवात एका बाईचा हात घट्ट धरला, तेव्हा तिला कळलं. नणंदेने सॅम्युअल रणपिसे या नगरच्या ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं, हाच तिचा गुन्हा. तो माणूस अण्णांच्याच खात्यात होता, याच घरी दोन-तीनदा चहाला आला होता, अण्णांना आवडतही होता. लग्नाचं कळलं त्या दिवशी अण्णांनी एवढंच सांगितलं की या घराला मुलगी नव्हती. मग कुमुद पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायला लागली आणि पटेल नगरात राहिली. शहर सोडून ती कुठेही गेली नाही.

"आई," कुमुदने मान वर न करता विचारलं, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"अण्णांनी कधी चौकशी केली माझी? नाव घेतलं? एकदा तरी?"

सुरी चालू होती. सुमित्राबाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं. विश्वनाथ हातातल्या कंदाकडे बघत होता.

"तसे ते बोलणारे नव्हते गं," त्या अखेर म्हणाल्या.

"म्हणजे नाही."

"कुमुद..."

"असू दे. मला वाटलंच होतं. तरी विचारायचं राहिलं होतं एकदा."

तिने तुकडा पुढे केला. प्रभाने तो घेतला नाही.

"मागितलं होतं," प्रभा म्हणाली. "तुम्हाला मागितलं होतं त्यांनी, ताई. जायच्या दोन दिवस आधी."

"प्रभा!" विश्वनाथ एकदम उठला.

"काय प्रभा? मी तेव्हाही म्हटलं होतं, ताईंना फोन करू या. तुम्ही म्हणालात, तू नवीन आहेस, तुला कळत नाही. पंधरा वर्षं झाली होती तेव्हा मला या घरात."

कुमुदने सुरी खाली ठेवली. "काय म्हणाले होते?"

प्रभाने पोतं सारखं केलं. आता बोलायचं ते तिचं नव्हतं. गच्चीवर तिघीही विश्वनाथकडे बघत होत्या. तो टाकीच्या दिशेने दोन पावलं गेला आणि परत आला.

"त्यांना पॅरालिसिस झाला होता," तो म्हणाला. "बोलणं गेलं होतं. दोन-तीन शब्द यायचे. पाणी. नको. त्या दिवशी सकाळी मी त्यांचं अंग पुसत होतो. माझं मनगट धरलं आणि म्हणाले, कुमुद आण."

कुमुद हलली नाही.

"कुमुद आण म्हणाले. कुमुदला आण नाही म्हणाले, ताई. त्यात 'ला' नव्हता."

"मग तू काय आणलंस?"

"फूल."

"फूल?"

"सप्टेंबर होता. तेव्हा बहर असायचा. मी वर आलो, चौथ्या टबातलं पांढरं फूल तोडलं, वाटीत पाणी घालून नेलं."

"तुला खरंच वाटलं, त्यांना फूल हवंय?"

या प्रश्नाचं उत्तर विश्वनाथकडे साडेपाच वर्षं तयार होतं. ते त्याने ऑफिसला जाताना, दाढी करताना, रात्री कूस बदलताना स्वतःला शेकडो वेळा देऊन पाहिलं होतं. अण्णा फुलांना कुमुदच म्हणायचे. घरात सगळ्यांना माहीत होतं. कोणीही तेच केलं असतं. बहीण समोर उकिडवी बसली होती, नाकाला चिखल लागलेला, आणि त्याला ते उत्तर देता आलं नाही.

"नाही," तो म्हणाला.

"मग?"

"राग आला मला. वीस वर्षं मी एकट्याने केलं त्यांचं. डोळ्यांचं ऑपरेशन, हॉस्पिटलं, रोजचं सगळं. बदली आली ती रद्द करून घेतली. एक दिवस त्यांना सोडून कुठे गेलो नाही. आणि शेवटी मनगट माझं धरलं आणि मागितलं तुला." त्याने हातातला कंद गोणपाटावर टाकला. "माझं नाव नाही घेतलं, ताई. एकदाही नाही."

सुमित्राबाई खुर्चीतून उठल्या. भिंतीला धरत धरत पुढे आल्या.

"त्याच्या एकट्यावर टाकू नकोस," त्या म्हणाल्या. "मी होते खोलीत. मी ऐकलं होतं. मलाही कळलं होतं कोणाला बोलावतायत ते."

"आई?"

"गप्प बसले मी. हा फूल घेऊन आला तेव्हाही गप्प बसले. मला पुढचं आयुष्य याच्या घरात काढायचं होतं, कुमुद. याला दुखवायची भीती वाटली. नवरा चाललाच होता. मुलगा उरणार होता." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "दर गणपतीत तुला सांगायचं ठरवून यायची. तुझा चेहरा बघितला की धीर व्हायचा नाही."

कुमुद उठली. हात तसेच चिखलाचे घेऊन गच्चीच्या पलीकडच्या कठड्याशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. तिथून खालची बाजाराची गर्दी, अँटेनांच्या काड्या, मागे रिज टेकडीची धूसर हिरवी रेघ दिसत होती. प्रभाने उघडे पडलेले तुकडे पोत्याखाली सरकवले आणि वरून पाणी शिंपडलं.

मग कुमुदने पाठमोरीच विचारलं, "फुलाचं काय केलं त्यांनी?"

"जाऊ दे ना ताई."

"विशू, फुलाचं काय केलं?"

"फेकलं," विश्वनाथ म्हणाला. "डावा हात चालायचा ना त्यांचा. मी वाटी पुढे केली, त्यांनी बघितलं आणि वाटीच उडवली. सगळं पाणी गादीवर. फूल पलंगाखाली गेलं. मग भिंतीकडे तोंड केलं. गेले तोपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. हे मला कोणाला सांगायचं नव्हतं. माझ्याशी त्यांचं शेवटचं तेच."

कुमुद वळली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते विश्वनाथला समजलं नाही. त्याला वाटलं होतं ती ओरडेल.

"वाटी उडवली? अण्णांनी?"

"हो."

"फूल फेकून दिलं?"

"हो, सांगितलं ना."

"अरे, मी सात वर्षांची असताना एक कळी तोडली म्हणून दोन दिवस बोलले नव्हते माझ्याशी," ती म्हणाली, आणि हसायला लागली. "पूजेलासुद्धा तोडू द्यायचे नाहीत. आई, आठवतं? आणि त्यांनी फूल फेकलं? मी हवी होते म्हणून?" हसता हसताच ती ओल्या फरशीवर बसली आणि मग ते हसू राहिलं नाही. लहान मुलासारखी ती मोठ्याने रडायला लागली. सुमित्राबाई कशाबशा तिच्याजवळ खाली बसल्या आणि पदराने तिचं तोंड, चष्मा, चिखलाचे हात, जे हाताला लागेल ते पुसत राहिल्या.

विश्वनाथ उभा होता. जी गोष्ट त्याने आपल्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी म्हणून जपून ठेवली होती, ती समोर ही बाई दोन्ही हातांनी घेत होती.

"वार कोणता होता?" थोड्या वेळाने कुमुदने विचारलं.

"मंगळवार."

"किती वाजले होते?"

"अकरा असतील."

"अकराला मला पाचवीचा वर्ग असायचा." ती चष्मा पुसत होती. "इथून शाळा ऑटोने वीस मिनिटं. मी खडू ठेवून निघाले असते, विशू. वीस मिनिटांत आले असते."

"माहीत आहे."

"अण्णा गेले ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. स्टाफरूममध्ये. कोणीतरी म्हणालं, ते निजसुरे तुमचे कोणी का?"



*

राहिलेले टब तिनेच करायला घेतले. प्रभा म्हणाली, आज राहू दे, पण कुमुद म्हणाली की कापलेले कंद वाळले तर जगणार नाहीत. दुपारी सुमित्राबाईंनी वरच पिठलं-भात आणायला लावला. चौघंही हात धुऊन गच्चीच्या दाराच्या सावलीत जेवली. कुमुदने पिठल्याचा पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, "गूळ जास्त आहे."

"सकाळी मीच केलंय ते," सुमित्राबाई म्हणाल्या.

"बघा!" प्रभा म्हणाली, आणि तिघी हसल्या. विश्वनाथ खाली मान घालून जेवत होता. त्याला कोणी हसण्यात घेतलं नाही, वगळलंही नाही.

तीनच्या सुमाराला काम संपलं. अकरा टबांमधून अडतीस चांगले कोंब निघाले होते. मेलेल्या कंदांचा ढीग कोपऱ्यात कंबरेइतका झाला होता.

"तुझ्याकडे अंगण आहे ना?" सुमित्राबाईंनी विचारलं. लेकीच्या घराविषयी हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता.

"आहे. मागे. ऊनही येतं."

"मग तू ने. हवे तेवढे ने. शेजारच्या चढ्ढांना दोन, खालच्यांना दोन. माझ्यासाठी एक कुंडी ठेव. एवढीच. द्वारकेला बाल्कनीत मावेल तेवढी."

"चार ठेवू," विश्वनाथ म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"पाणी टँकरने येतं म्हणालास ना?" सुमित्राबाई म्हणाल्या.

"मी वाहीन. सकाळी ऑफिसला जायच्या आधी दोन बादल्या जास्त. बिल्कुल जड नाही मला."

सुमित्राबाईंनी मान हलवली. निघताना त्यांनी कुमुदला विचारलं, "द्वारकेला येशील ना? की गणपतीतच?"

"येईन," कुमुद म्हणाली. "आणि तू माझ्याकडे येशील. चार दिवस राहायला. जिना नाही माझ्या घराला."

सुमित्राबाईंनी मुलाकडे न बघता उत्तर दिलं. "येईन."

*

ओल्या पोत्यांत बांधलेले कंद विश्वनाथने मारुतीच्या डिकीत ठेवले. पटेल नगर काही लांब नव्हतं. रविवार असल्याने रस्ते रिकामे होते. कुमुद शेजारी बसून "इथून डावीकडे", "पुढच्या चौकात सरळ" एवढंच सांगत होती. सगळ्या वाटा त्याला माहीत होत्या. फक्त शेवटची गल्ली नव्हती.

घर तळमजल्यावर होतं. हिरवं फाटक, दाराशी तुळस नाही, जास्वंद. त्याने पोती उतरवून फाटकाच्या आत ठेवली. आतून रेडिओचा आवाज येत होता.

"मी येऊ का आत?" त्याने विचारलं. "भावजींना भेटतो. दोन मिनिटं."

कुमुदने फाटकावर हात ठेवला. तिची नखं काळी झाली होती.

"आज नको, विशू."

"बरं."

"ऐक. आज मला अण्णा मिळाले. आज दुसरं काही सुचत नाहीये. पण तुझा राग यायचाय मला अजून. येणार तो. उद्या येईल, परवा येईल, शाळेत वर्गात उभी असताना येईल. तो येऊन जाऊ दे. मग ये."

"किती दिवस लागतील?"

"मला काय माहीत? सत्तावीस वर्षं अण्णांवर होता. तुझ्यावर कधी केला नव्हता."

तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. चिखल वाळून त्याच्या सदऱ्यावर बोटं उमटली. मग ती आत गेली आणि दार लोटलं गेलं.

विश्वनाथने डिकी बंद केली. किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. रेडिओ बंद झाल्याचं त्याला ऐकू आलं. आत एका पुरुषाने काहीतरी विचारलं. मग कुमुदचा आवाज आला. चढा, घाईघाईचा. शाळेतून पहिला नंबर घेऊन आल्यावर ती जिन्यावरूनच ओरडत यायची, तेव्हाचा.

"सॅम, अण्णांनी मला बोलावलं होतं रे!"